मालक म्हणतो आपसात मिटवू, मग मध्ये जज कशाला?

पत्र

ताई, न्यू यॉर्कला क्वीन्समधल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात मी अडीच वर्षं काम केलं. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी ११ ते रात्री साडेनऊ. आठवड्याला ८०० डॉलर ठरलेले, तास कितीही होवोत. पे-स्टब, म्हणजे पगाराची चिठ्ठी, कधी मिळाला नाही, तासांची नोंदही कोणी ठेवली नाही. नोकरी सोडल्यावर एका वकिलाने ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात ओव्हरटाइमचा दावा लावून दिला. आता मालकाचा वकील ५५,००० डॉलरवर मिटवायला तयार आहे, १८ हप्त्यांत. त्यातला एक तृतीयांश माझ्या वकिलाचा. मी हो म्हणायच्या बेतात होतो, तर वकील म्हणतात की जजची मंजुरी लागेल आणि करार कोर्टात सगळ्यांना दिसेल असा दाखल करावा लागेल.

दुसरीकडे आमच्या दोघांच्या ओळखीचे एक गृहस्थ रोज फोन करतात. मालक मराठी, मीही मराठी. ते म्हणतात, “कोर्टाला कशाला मध्ये घेता? ३०,००० रोख घ्या, एका कागदावर सही करा, केस काढून टाका. वकिलाला द्यायला नको, टॅक्स नको.” ह्यूस्टनच्या माझ्या मेहुण्याने असंच भांडण जजशिवाय मिटवलं होतं. मग मलाच ही कटकट का? दोन्ही बाजू राजी असताना जज नाही म्हणू शकतो का? आणि माझ्याबरोबरचे दोघं कागदपत्रांच्या भीतीने गप्प आहेत, त्यांचं काय?

— एक स्वयंपाकी, क्वीन्स

उत्तर

आधी त्या ३०,००० रोखीचं बोलू, कारण घाई तिथेच आहे. ते घेऊ नका. मालक वाईट माणूस आहे म्हणून नव्हे, त्याला मी ओळखतही नाही. त्या कागदाने तुमचं जे जाईल आणि त्याला जे मिळेल ते दोघांनाही नीट कळलेलं नाही, म्हणून.

तुमच्या दाव्यात बहुधा दोन कायदे आहेत. एक केंद्राचा, १९३८ सालचा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट. आठवड्याला ४० तासांपुढच्या प्रत्येक तासाला दीडपट मजुरी त्यातूनच येते. दुसरा न्यू यॉर्क राज्याचा मजूर कायदा. केंद्राच्या कायद्याखालचा हक्क खाजगीत सही करून सोडता येत नाही, तुमच्या भागात तर नाहीच. राज्याच्या कायद्याखालचे हक्क मात्र नीट समजून-उमजून केलेल्या खाजगी कागदावर सोडता येतात, असं तिथल्या कोर्टांनी म्हटलेलं आहे. म्हणजे त्या सहीने मालकाची केंद्राच्या दाव्यातून खात्रीने सुटका होत नाही आणि तुमचा राज्याचा दावा जाण्याची शक्यता उरते. राज्याचा दावा लहान समजू नका. त्यात मागे सहा वर्षांपर्यंत जाता येतं. केंद्राच्या कायद्यात दोनच वर्षं, आणि मालकाने जाणूनबुजून कायदा मोडला हे सिद्ध झालं तर तीन. तुमची अडीच वर्षं पूर्ण बसतात ती राज्याच्या कायद्यात.

शिवाय ‘वकिलाला द्यायला नको’ हे त्या गृहस्थांनी कोणाला विचारून सांगितलं? तुम्ही वकिलाशी करार केलेला आहे. त्याच्या पाठीमागे पैसे घेतलेत तर त्याची फी मागे लागेलच. रोख मिळाली म्हणून टॅक्स माफ होतो, हेही खरं नाही. पक्षकारांनी आपसात बोलणं हा गुन्हा नाही, पण तुमच्यात आणि मालकात बरोबरी कुठे आहे? त्याचा वकील प्रत्येक ओळ वाचून बसलेला आहे. तुमच्या बाजूला एक ओळखीचे गृहस्थ आहेत, आणि ते नेमके कोणाच्या बाजूचे आहेत हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

आता जज मध्ये का येतो ते सांगते. भाडेकरू-घरमालकाचं भांडण, गाडीच्या अपघाताचा दावा, उधारी, अशी बहुतेक दिवाणी भांडणं दोन्ही बाजू राजी झाल्या की संपतात. एक अर्ज दाखल होतो, केस बंद होते, करार कपाटात राहतो. मजुरीच्या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्येच वेगळी वाट धरली. ब्रुकलिन सेव्हिंग्ज बँकेच्या त्या खटल्यातला माणूस रात्रपाळीचा पहारेकरी होता. नोकरी सुटल्यावर बँकेने त्याला थकलेला ओव्हरटाइम दिला आणि आता काही मागणं नाही असं लिहून घेतलं. कायद्याने भरपाई म्हणून तेवढीच आणखी रक्कम त्याला मिळायची होती, ती राहिली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की त्या सहीने तो हक्क बुडत नाही. कारण किमान मजुरी आणि ओव्हरटाइम या गोष्टी फक्त एका मजुराच्या सोयीसाठी नाहीत. एकाने कमी दरात सही केली की शेजारच्या दुकानदारालाही तोच मोह होतो, आणि सरळ पगार देणारा धंद्यात मागे पडतो. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, त्याच न्यायालयाने हा नियम आणखी घट्ट केला.

नियम इतका कडक झाला की प्रामाणिकपणे मिटवायचं म्हटलं तरी वाट उरेना. म्हणून १९४९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, एक दार उघडलं: मजूर खात्याच्या देखरेखीखाली थकलेला पगार पूर्ण दिला आणि मजुराने तो स्वीकारला, तर दावा सुटतो. दुसरं दार न्यायालयांनी उघडलं. १९८२ चा लिन्स फूड स्टोअर्सचा निकाल यात सर्वात जास्त उद्धृत होतो. मजूर खात्याच्या हिशेबाने त्या दुकानांकडे कामगारांचं १०,००० डॉलरच्या वर देणं निघत होतं. मालकाने थेट कामगारांना गाठून सगळ्यांत मिळून वाटून घ्यायला १,००० डॉलर देऊ केले, सह्या घेतल्या आणि वर कोर्टाकडे त्या कराराला मान्यता मागितली. कामगारांमागे वकील नव्हता. सरकारने आपल्या बाजूने हिशेब केला आहे याची त्यांना कल्पना दिसत नव्हती, काहींना इंग्रजी येत नव्हतं. अपील कोर्टाने करार फेटाळला आणि सांगितलं की असे दावे मिटायचे तर मजूर खात्याच्या देखरेखीखाली, नाहीतर मजुराने लावलेल्या दाव्यात, जजने तपासून.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचा प्रस्ताव आणि तो प्रस्ताव शेजारी ठेवून पाहा. रक्कम मोठी आहे, पद्धत तीच.

लिन्सचा निकाल अटलांटाच्या अपील कोर्टाचा होता, तो न्यू यॉर्कवर बंधनकारक नव्हता. न्यू यॉर्क, कनेटिकट आणि व्हरमाँट ज्याच्याखाली येतात त्या सेकंड सर्किट नावाच्या अपील कोर्टाने हा प्रश्न ऑगस्ट २०१५ मध्ये सोडवला. खटला लाँग आयलंडवरच्या एका पॅनकेक रेस्टॉरंटचा होता, तुमच्यासारखाच खाण्याच्या धंद्यातला. दोन्ही बाजूंनी खाजगीत मिटवलं आणि केस कायमची बंद करण्याचा संयुक्त अर्ज दिला. जज म्हणाला, आधी करार दाखवा. दोन्ही बाजू अपिलात गेल्या आणि हरल्या. तेव्हापासून तुमच्याकडे वकील मंडळी त्या खटल्याच्या नावाने ‘चीक्स’ हाच शब्द वापरतात. ‘चीक्स लेटर द्यायचंय’ असं तुमच्या वकिलाच्या तोंडी आलं तर ते हेच, जजकडे मंजुरी मागणारं पत्र.

तुमच्या मेहुण्याचं कोडंही इथेच सुटतं. टेक्सस फिफ्थ सर्किटमध्ये येतं. त्या कोर्टाने २०१२ मध्ये असं धरलं की किती तास काम झालं यावरच खरा वाद असेल, तर त्या वादावरची खाजगी तडजोडही चालते. म्हणजे मेहुण्याने काही चुकीचं केलं असं नाही, आणि तुमचे वकील उगाच कटकट करतात असंही नाही. कायदा एकच, त्याचा अर्थ लावणारी अपील कोर्टं वेगळी. अलीकडे काही जिल्हा न्यायाधीशांनी तर कायद्यात अशी मंजुरी कुठे लिहिलेली आहे, असा प्रश्न उघड विचारला आहे. पुढेमागे सर्वोच्च न्यायालयात हा मुद्दा जाईलही. पण तुमची केस आज ब्रुकलिनमध्ये आहे आणि तिथे चीक्स लागू आहे.

तर जज नाही म्हणू शकतो का? हो. आणि म्हणतात. मात्र हे समजून घ्या की जज तुमच्यासाठी जास्त पैसे मागत नाही. करारात स्वतःच्या हाताने दुरुस्तीही करत नाही. मंजूर करायचा, नाकारायचा, किंवा अमुक कलमामुळे मंजूर करता येत नाही असं सांगून दुरुस्तीला परत पाठवायचा, एवढंच त्याच्या हातात. सेकंड सर्किटने हे २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि तो पाहतो ते मुख्यतः कागद. दोन्ही वकिलांनी मिळून लिहिलेलं पत्र, करार, वकिलाच्या तासांची नोंद. काही जज सुनावणी घेतात, पुष्कळदा कागदांवरच निकाल होतो. म्हणून मला तुम्हाला सांगायचं आहे ते हे, की जज आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच्यापुढे जाणाऱ्या पत्रात आकडे नीट आहेत की नाहीत ते तुम्ही बघा. माझ्या मते या सगळ्या मंजुरी प्रकरणाचा मजुराला होणारा खरा फायदा हाच: वकिलाला तुमच्या दाव्याची किंमत कागदावर मांडावी लागते, आणि ती तुम्हाला वाचता येते.

चला, आपणच मांडून बघू. आठवड्याला ८०० डॉलर ठोक. न्यू यॉर्कमध्ये हॉटेल-रेस्टॉरंटसाठी जो वेगळा आदेश आहे, त्यात असा ठोक पगार ४० तासांचा धरला जातो. ४० ने भागलं की तासाला २० डॉलर, दीडपट केले की ३०. सहा दिवस साडेदहा तास, त्यातून थोडं जेवणाचं वजा केलं तर आठवड्याला ६२ तास धरू. म्हणजे ओव्हरटाइमचे २२ तास, आठवड्याला ६६० डॉलर. अडीच वर्षांत सुट्ट्या वगळून १२५ आठवडे धरले, तर थकबाकी ८२,५०० डॉलर होते. कायदा त्यावर तेवढीच भरपाई देतो. मालकाने आपण सद्हेतूने आणि वाजवी समजुतीने वागलो असं दाखवलं तरच त्यातून सुटका. म्हणजे १,६५,००० डॉलर. ही दुप्पट एकदाच मिळते बरं का. केंद्राची एक आणि राज्याची एक अशी दोनदा नाही. वर न्यू यॉर्कचा आणखी एक नियम आहे. दिवसाची सुरुवात आणि शेवट यांत १० तासांहून जास्त अंतर असेल तर रेस्टॉरंटमधल्या माणसाला त्या दिवसाचा किमान मजुरीने एक तास जादा मिळतो. तुमचा दिवस साडेदहा तासांचा होता, म्हणजे तुम्ही जवळपास रोजच त्यात बसता. पे-स्टब न दिल्याचा दंडही कायद्यात आहे, पण तो मिळवायला त्यामुळे तुमचं नेमकं काय नुकसान झालं हे फेडरल कोर्टात दाखवावं लागतं. त्यावर फार भिस्त ठेवू नका.

आता मालकाची बाजू. तो म्हणेल हा माणूस दुपारी दोन-तीन तास घरी जायचा, आठवड्याला ४८ तासच भरायचे. तो खरा ठरला तर आठ तास गुणिले ३०, म्हणजे आठवड्याला २४०. १२५ आठवड्यांचे ३०,००० आणि दुप्पट ६०,०००. म्हणजे ५५,००० हा आकडा मालकाच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ पूर्ण आहे आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे एक तृतीयांश. ही तफावत जजला दिसली पाहिजे आणि ती का स्वीकारली हेही. तासांबद्दल खरा वाद आहे, साक्षीदार डळमळीत आहेत, खटला चालला तर दोन वर्षं जातील, मालकाची ऐपत नाही, यांपैकी जे खरं असेल ते. ऐपत नाही असं म्हणणं असेल तर मालकाने हिशेबाचे कागद दाखवावेत. नुसतं ‘धंदा बसला’ म्हणून चालत नाही. तुमचे वकील ते मागतायत की नाही हे विचारा.

तुमच्या हातात एक जोरदार गोष्ट आहे आणि पत्रात तुम्ही ती ओझरती लिहिली आहे. मालकाने तासांची नोंदच ठेवली नाही. ती ठेवणं त्याचं कायदेशीर काम होतं. १९४६ पासून सर्वोच्च न्यायालयाचा नियम असा आहे की मालकाने नोंद ठेवली नसेल तर मजुराला मिनिटामिनिटाचा पुरावा द्यावा लागत नाही. आठवणीवरून, वाजवी अंदाजाने सांगितलेले तासही पुरतात, मग ते खोडून काढायची जबाबदारी मालकावर. म्हणून फोनमध्ये जे असेल ते जपा. ‘उद्या १० ला ये, केटरिंग आहे’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, रात्री मेट्रो पकडल्याची नोंद, बायकोला पाठवलेला ‘निघतोय आत्ता’. हे सगळं वकिलाकडे गेलंय का? नसेल तर ५५,००० ला हो म्हणण्याआधी जाऊ द्या, कारण त्याने आकडा हलू शकतो.

५५,००० आहेत म्हणून हात झटकावेत असं मी म्हणत नाही. तुम्हाला नोकरी आहे की नाही, अंगावर देणं किती, साक्षीदार कोण, हे मला माहीत नाही. फी आणि खर्च वजा जाता ३६,००० च्या आसपास हातात येतील आणि तेही दीड वर्षात. पूर्ण खटला लढून १,६५,००० चा हुकूमनामा मिळाला आणि तोवर रेस्टॉरंटला कुलूप लागलं, तर तो कागद घेऊन काय करणार? हे दोन्ही तराजूत घालूनच ठरवायचं. तुमच्या जागी मी थोडा जोर लावला असता. निदान हप्ते कमी करा, पहिला हप्ता मोठा घ्या, असं सांगितलं असतं.

हप्त्यांबद्दल मात्र मी हट्टीपणाने सांगते. १८ हप्ते म्हणजे १८ वेळा चुकण्याची संधी. करारावर फक्त कंपनीची सही आहे की मालकाचीही वैयक्तिक? रेस्टॉरंटची कंपनी बंद करून शेजारी दुसऱ्या नावाने उघडणं फार सोपं असतं. मजुरीच्या या कायद्यात रोजचा कारभार हातात असलेला माणूस स्वतः मालक म्हणून जबाबदार धरला जाऊ शकतो, तेव्हा त्याची वैयक्तिक सही मागणं अवाजवी नाही. हप्ता चुकला तर अमुक दिवसांची नोटीस, मग उरलेली सगळी रक्कम एकदम देय आणि शक्य तर थोडी वाढीव, असं कलम हवं. त्यासोबत मालकाने आधीच सही करून वकिलाकडे ठेवलेला हुकूमनाम्याचा कागद असेल तर उत्तमच. आणि कोर्टाच्या आदेशात ‘कराराच्या अंमलबजावणीसाठी कोर्ट अधिकार राखून ठेवत आहे’ हे वाक्य येऊ द्या. ते नसेल तर हप्ता चुकल्यावर त्याच जजकडे परत जाता येत नाही, वेगळा दावा लावावा लागतो. ही एक ओळ विसरणारे वकील मी कमी पाहिले नाहीत.

आता ज्या कलमांवर जज सहसा अडतात ती. पहिलं म्हणजे गुप्तता. ‘हा करार, ही रक्कम, हे भांडण कोणालाही सांगणार नाही’ असं कलम मालकाला फार आवडतं आणि जजला आवडत नाही, कारण मग पुढच्या मजुराला आपला हक्क काय ते कळणारच नाही. करार कोर्टाच्या नोंदीत राहतो, तो झाकून ठेवायची विनंती क्वचितच मान्य होते. तुम्हाला याची लाज वाटत असेल तर वाटू देऊ नका. रात्री साडेनऊपर्यंत भट्टीसमोर उभं राहिल्याचे पैसे मागितलेत. मंडळात कोणी विचारलं तर मालकाने उत्तर द्यायचं, तुम्ही नाही. एकमेकांची बदनामी करायची नाही असं कलम चालतं, पण त्यात ‘या भांडणाबद्दल खरं ते सांगायला मोकळीक’ हे शब्द असले पाहिजेत.

दुसरं, दावे सोडण्याचं कलम, वकिलांच्या भाषेत रिलीज. ‘माहीत असलेले, नसलेले, आजपर्यंतचे सर्व प्रकारचे दावे’ असं लिहिलेलं असेल तर थांबा. पगाराच्या भांडणाचे पैसे घेताना, कामावर हात भाजल्याचा किंवा भेदभावाचा दावाही फुकट कशाला सोडायचा? जज बहुधा हे मजुरीच्या दाव्यांपुरतं कापायला सांगतात. चीक्सच्या निकालातच दुसऱ्या एका न्यू यॉर्कच्या रेस्टॉरंटच्या कराराचं उदाहरण दिलेलं आहे. त्यात कडक गुप्तता होती, जगातले सगळे दावे सोडून दिलेले होते, आणि पुरेसे कागद न देता वकिलाची फी ४० टक्क्यांच्या वर धरली होती. त्या जजने तो करार नाकारला होता. मालकाच्या इतर कुठल्याही जागी परत नोकरी मागायची नाही असं कलम तुमच्या मसुद्यात असेल तर तेही वकिलाला दाखवा. पुष्कळ जज त्याला नाक मुरडतात.

फीचं म्हणाल तर एक तृतीयांश हा तिथला रूढ आकडा आहे. कायद्याने ठरवलेली मर्यादा मात्र ती नाही, असं सेकंड सर्किटने सांगितलेलं आहे. वकिलाला आपल्या तासांची नोंद दाखवावी लागते. ती नोंद तुम्हीही मागून वाचा, संकोच करू नका. टॅक्सच्या बाबतीत करारात रकमेची फोड असते. थकलेल्या पगाराचा भाग डब्ल्यू-२ या पगाराच्या टॅक्स फॉर्मवर, त्यातून कपात होऊन येतो. भरपाईचा भाग १०९९ या इतर उत्पन्नाच्या फॉर्मवर. सही करण्याआधी एखाद्या सीपीएला, म्हणजे टॅक्स जाणणाऱ्या हिशेबनीसाला, तासभर भेटा, वकिलाला गेलेल्या रकमेची वजावट कशी घ्यायची तेही विचारा.

एक फट तुम्हाला माहीत असलेली बरी. मालकाचा वकील हुशार असेल तर तो फेडरल कोर्टाच्या दिवाणी नियमांतल्या ‘रूल ६८’खाली प्रस्ताव देऊ शकतो: माझ्याविरुद्ध इतक्या रकमेचा हुकूमनामा होऊ द्या. तुम्ही १४ दिवसांत स्वीकारलात तर तो थेट नोंदवला जातो, जजची तपासणी लागत नाही. सेकंड सर्किटने २०१९ मध्ये तसंच ठरवलं, तेही एका रेस्टॉरंटच्याच खटल्यात. यात वाईटच आहे असं नाही, उलट हुकूमनामा उघड असतो आणि वसुलीला बळकट. पण तिथे रिलीज किती रुंद, फी किती, हे बघणारं तिसरं माणूस नसतं. आणि नाकारून पुढे खटल्यात त्याहून कमी मिळालं तर नंतरचा कोर्टखर्च तुमच्यावर येतो. असा कागद आला तर त्याच दिवशी वकिलाला गाठा. ‘तुम्ही स्वतःच केस मागे घ्या, मग जजचा प्रश्नच नाही’ अशी युक्तीही ते गृहस्थ सांगतील. जजही काल जन्मलेले नाहीत. अशा वेळी मागे काही देणंघेणं झालंय का, हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे.

राहिले तुमचे दोन सहकारी. तुमच्या तडजोडीने त्यांचे हक्क जात नाहीत. केंद्राच्या कायद्यात प्रत्येकाने स्वतः लेखी संमती कोर्टात दिल्याशिवाय तो त्या दाव्यात धरला जात नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की त्यांची मुदत तुमच्या केसमुळे थांबलेली नाही. प्रत्येक आठवडा उलटला की मागचा एक आठवडा केंद्राच्या दाव्यातून गळतो. कागदपत्रं नाहीत म्हणून केलेल्या कामाची मजुरी बुडत नाही, किमान मजुरी आणि ओव्हरटाइमचा कायदा त्यांनाही लागू आहे. न्यू यॉर्कमध्ये तर २०१९ पासून, तक्रार केलीस तर इमिग्रेशनला कळवीन अशी धमकी देणं हाच सूड उगवण्याचा वेगळा गुन्हा ठरतो. त्यांना भीती वाटते ती मात्र खोटी नाही, आजच्या हवेत तर नाहीच. त्यांच्या वतीने निर्णय तुम्ही घेऊ नका. एखाद्या मोफत कायदा सल्ला केंद्राचा नंबर द्या आणि सांगा की नुसतं विचारल्याने कुठे नाव जात नाही. तुमच्यासारखीच परिस्थिती असलेले आणखी कामगार तिथे आहेत ही गोष्ट जजही विचारात घेतो, म्हणून वकिलाला त्यांच्याबद्दल सांगितलंय ना, हेही बघा. नावं न घेता सांगता येतं.

आणि त्या गृहस्थांना आज संध्याकाळी एवढंच कळवा की यापुढे बोलणं वकिलामार्फत. फोन उचलायचा असेल तर उचला, पण केसबद्दल अक्षर काढू नका. त्यांचे रोखीबद्दलचे मेसेज असतील तर ते पुसू नका. तारखेसकट स्क्रीनशॉट काढून उद्या सकाळी वकिलाला पाठवून द्या.